केशरी पट्ट्याखाली

१

तेजसचा उजवा डोळा आता परत येणार नाही, असं डॉक्टरांनी मंगळवारी सांगितलं. बुधवारी सकाळी त्याची आई सुलभाताईंच्या दारात उभी होती, आणि तिच्या हातात पोलिसांत द्यायची तक्रार होती.

सुलभाताई बिरादार हैदराबादच्या बरकतपुऱ्यात, त्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर राहायच्या. गुन्हे शाखेतून इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालेल्या. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही, आणि जिभेला हाड नाही. इमारतीतल्या लोकांना मात्र वाटायचं, निवृत्त पोलीस म्हणजे फुकटचा पोलीस. कोणाची चप्पल हरवली, कोणाच्या कुंडीतलं रोप गेलं, की आलेच दारात. सुलभाताई त्यांना अशा काही फटकारायच्या की रोप परवडलं, पण बाई नको. त्या दिवशी मात्र दारात तेजसच्या आईला, मेधाला पाहिलं आणि त्यांनी दार सताड उघडलं.

मेधा आणि तिचा नवरा दिलीप पुण्याचे. दिलीपच्या कंपनीनं त्याला हैदराबादला पाठवलं, म्हणून तीन वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावर राहायला आलेले. मेधाचा टापटिपीचा सोस सगळ्या इमारतीला माहीत होता. आताही डोळे रडून सुजलेले, तरी आत येता येता तिनं सुलभाताईंचं वाकडं पायपुसणं पायानं सरळ केलंच.

“दुपारी जाऊन देणार आहे,” ती म्हणाली. “ठाण्यात तुमची ओळख आहे ना? नुसती कागदावर राहायला नको. त्या विक्रमला आत टाकायला हवं.”

“आधी बस. चहा टाकते.”

“नको.”

“नको तर नक्को. पण मला पहिल्यापासून सांग. मी पोरगं पाहिलंय, तुमचा तो खेळ नाही पाहिला.”

मेधानं सांगितलं. पेंटबॉल म्हणजे लुटूपुटूची लढाई. हवेच्या दाबावर चालणाऱ्या बंदुकीतून रंगाची गोळी सुटते, अंगावर फुटते, आणि रंग लागला तो बाद. गोळी तोंडावरही बसतेच, म्हणून प्रत्येकाच्या चेहऱ्यावर मास्क असतो, आणि मास्कची लेन्स ती गोळी झेलण्यासाठीच बनवलेली असते. रविवारच्या सरावात विक्रमनं मारलेली गोळी तेजसच्या लेन्सवर बसली, आणि कधी फुटू नये ती लेन्स फुटली.

“अपघात असेल,” सुलभाताई म्हणाल्या.

“शनिवारी संध्याकाळी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. विक्रम सगळ्यांसमोर काय म्हणाला, ते त्यालाच विचारा. आणि सोमवारी मी मैदानावर गेले होते, तेव्हा तिथल्या राखणदारानं, कादरनं, मला स्वतः सांगितलं. परवा विक्रम बाकावर बसून मास्क घासत होता, हातात बाटली होती. सोमवारचं परवा म्हणजे शनिवार. भांडण शनिवारी, मास्क घासला शनिवारी आणि लेन्स फुटली रविवारी. आणखी काय पुरावा हवा?”

“तेजस काय म्हणतो?”

“तो म्हणतो, विक्रमनं काही केलं नाही. म्हणणारच. डोळा गेला तरी मित्र हवाय त्याला!” आणि तिथं मात्र मेधाला रडू आवरलं नाही.

सुलभाताईंनी तिला रडू दिलं. विक्रम त्यांच्याही ओळखीचा होता. सुलतान बाजारातल्या अप्पाराव कापडवाल्यांचा मुलगा. अप्पाराव बिदरजवळच्या भालकीकडचे, वडिलांच्या काळात शेती सोडून हैदराबादला आलेले. त्यांच्या घराण्यात पहिल्यांदाच एका पोराची सरकारी नोकरीत निवड झाली होती, आणि आता पोलिसांची चौकशी होऊन कागद वर जायचा तेवढा बाकी होता. अशा वेळी ठाण्यात नाव चढलं, तर ती नोकरी गेलीच म्हणून समजायचं. नंतर निर्दोष सुटला तरी कोण विचारतो?

“संध्याकाळपर्यंत थांब,” त्या म्हणाल्या. “मी चौकशी करते. विक्रमनं केलं असेल तर मी स्वतः तुझ्याबरोबर ठाण्यात येईन.”

“संध्याकाळपर्यंतच,” मेधा म्हणाली. “माझ्या मुलाचा डोळा कोणी घेतला, त्याचं नाव मला हवंय.”

२

सुलतान बाजारात दुकानं उघडून गिऱ्हाइकांची गर्दी सुरू झाली होती. अप्पाराव गादीवर होते, पण समोरच्या बाईला दाखवायला काढलेल्या साडीची घडी त्यांच्या हातून उलगडत नव्हती. सुलभाताईंना बघून ते उठले आणि त्यांना दुकानाच्या मागच्या बाजूला घेऊन गेले.

“बाई, लेकरू जेवंना झालंय,” ते म्हणाले. “चार दिवस झाले, कोणासंगं बोलंना. तुम्हीच बघा.”

कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये विक्रम भिंतीला टेकून बसला होता. दाढी वाढलेली. सुलभाताईंनी काही विचारायच्या आधीच तो म्हणाला, “मीच मारली गोळी, मावशी. करू द्या त्यांना तक्रार.”

“गोळी तूच मारलीस हे खरं?”

“हौ. कोणाला कळलं नसतं. आम्ही सगळे एकसारखेच दिसतो, तोच मास्क, तीच जर्सी, तीच बंदूक. तेजसलाही माहीत नव्हतं कोणाची गोळी ते. मीच सांगितलं.”

“आणि शनिवारचं भांडण?”

“नव्या स्पॉन्सरला जाहिरातीच्या पाटीसाठी एकच चेहरा पाहिजे होता. त्यांनी तेजसला निवडलं. मला राग आला. दोघांनी बरोबर खेळायला सुरुवात केली होती ना. मी बोललो...” त्यानं तोंड गठ्ठ्यांकडे वळवलं. “मी बोललो, तुझ्या तोंडाला काही झालं तरच आम्ही दिसू लोकांना.”

अप्पारावांनी कपाळावर हात मारून घेतला.

पोलिसांत असताना असलं वाक्य मिळालं, तर सुलभाताईंनी अर्धी केस तिथंच मिटवली असती. समोर बसलेला पोरगा मात्र सुटण्यासाठी एक शब्द बोलत नव्हता, आणि गुन्हेगार सहसा असं करत नाहीत.

“शनिवारी मैदानावर बसून मास्क घासत होतास. कशानं?”

विक्रमनं पहिल्यांदाच मान वर केली. “शनिवारी? शनिवारी मी मास्कला हात पण नाही लावला.”

“कादरनं पाहिलंय तुला.”

“कादरभाई खोटं नाही बोलत,” तो गोंधळून म्हणाला. “पण मी पण नाही बोलायलोय, मावशी.”

म्हणजे दोघांपैकी एकजण खोटं बोलत होता. निदान तेव्हा तरी सुलभाताईंना तसंच वाटलं.

३

मैदान शहराबाहेर, विमानतळाच्या वाटेवर होतं. तेजस-विक्रमच्या संघाचा कप्तान हर्षवर्धन तिथं एकटाच सामान आवरत बसला होता. संघ आता मोडल्यातच जमा होता. टेबलावर मार्कर एका रांगेत ठेवले होते, सगळे काळे, सगळ्यांवर नव्या कंपनीचं केशरी नाव. या खेळात बंदूक म्हणत नाहीत, मार्कर म्हणतात, हे त्यानं आधी सांगून टाकलं.

“हे सगळं एकसारखं कशाला रे? हौस?” सुलभाताईंनी विचारलं.

“हौस नाही आंटी, गरज. मॅच चालू असताना एकाचा मार्कर बिघडला तर दुसऱ्याचा पार्ट काढून बसवता येतो. हवेची बाटली कोणाची कोणालाही चालते, गोळ्या एकाच मापाच्या. वेगवेगळं सामान असेल तर प्रत्येकासाठी वेगळी पिशवी बाळगायची का? आणि धुमश्चक्रीत रंगावरूनच कळतं आपला कोण ते. समोरच्याला मात्र कळत नाही कोण कुठं सरकला.”

“आणि स्पॉन्सर? पगार देतात तुम्हाला?”

हर्षवर्धन खिन्न हसला. “घरच्यांना पण असंच वाटतं. पगार वगैरे फार मोठ्या संघांना. आमच्यासारख्यांना सामान स्वस्तात, जर्सी फुकट, कधी गोळ्यांचे खोके. बदल्यात त्यांचं नाव अंगावर घालून खेळायचं, फोटो काढायचे, लोकांना सांगायचं की हेच सामान चांगलं. आणि दुसऱ्या कंपनीचं नाव आमच्या अंगावर कुठं दिसता कामा नये. कुठं म्हणजे कुठंच. नाहीतर सगळं परत घेतात.”

“मास्कही त्यांनीच दिले?”

“नाही ना. नवी कंपनी मास्क बनवतच नाही. मास्क पूर्वीचे, आमचेच. लेन्सच्या वरच्या कडेला जुन्या स्पॉन्सरचा निळा पट्टा होता. फोटोच्या आधी तो काढून केशरी लावायचा होता. मी सगळ्यांना बजावलं होतं, लेन्स प्लॅस्टिकची आहे, साध्या साबणाच्या पाण्याशिवाय काही लावू नका, दुसरं काही लागलं तर ती ठिसूळ होते. तसं मास्क बनवणाऱ्या कंपनीनंच छापलेलं असतं.”

“मास्क दाखव.”

त्यानं चार मास्क काढून दिले. सुलभाताईंनी नखानं एकेकाचा केशरी पट्टा उचलला. चारही लेन्सवर खाली जुन्या पट्ट्याचा डिंक होता, मळकट, चिकट, धूळ बसलेला. कोणीतरी घासून घासून कंटाळलं होतं आणि वरून नवा पट्टा चिकटवून मोकळं झालं होतं. पण डिंकाभोवतालची लेन्स स्वच्छ, आरपार दिसणारी होती.

“आता फुटलेला दे.”

हर्षवर्धननं तो जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवला होता. देताना त्यानं तोंड दुसरीकडे फिरवलं. लेन्सचा वरचा तुकडा चौकटीतच राहिला होता, आणि त्यावर केशरी पट्टा होता. सुलभाताईंनी तो हलक्या हातानं सोलला. खाली डिंकाचा मागमूस नव्हता. पाची मास्कांत हा सगळ्यांत स्वच्छ होता. पण पट्टा होता तेवढीच जागा पांढुरकी झाली होती, ताकाच्या पेल्यासारखी धुरकट, आणि तिच्यात केसासारख्या बारीक चिरा पसरल्या होत्या. फुटलेली कड नेमकी तिथूनच निघाली होती.

“याला काहीतरी जालीम लावलंय,” हर्षवर्धन पुटपुटला.

सुलभाताईंनी मनात हिशेब मांडला. जे काही लावलं ते केशरी पट्टा चिकटवण्याआधी लावलं, नाहीतर खुणा पट्ट्याखाली येतील कशा? मग शनिवारचं काय?

त्यांनी कादरला हाक मारली. तो पाण्याची नळी टाकून आला.

“कादरभाई, विक्रमकू मास्कां घिसते देखे बोलके बोले तुम?”

“हौ अम्मा. परसों इच बाकडे पो बैठको घिस रहे थे. हात में शीशी थी, साबन का पानी था. मैं इच ला को दिया.”

सुलभाताईंनी डोळे मिटले. मेधानं त्यांना सांगितलं होतं ‘परवा’. कादर म्हणाला होता ‘परसों’. पुण्याच्या बाईनं त्याचं सरळ मराठी केलं होतं, आणि तिथंच घोटाळा झाला होता. हैदराबादेत परसों म्हणजे परवा असतोही आणि नसतोही. काल सोडून मागं जे जे झालं ते सगळं परसों. सुलभाताईंच्या सासूबाई तर स्वतःचं लग्नसुद्धा परसोंच झालं म्हणायच्या.

“परसों मने कब, कादरभाई?”

“वो नइ क्या, नये जर्सियां आए सो टैम पो. चारों मास्कां लेको बैठे थे बिचारे.”

नव्या जर्सी आल्या त्याला दोन महिने होऊन गेले, हर्षवर्धननं सांगितलं. तेव्हा विक्रम आणि तेजस एका ताटात जेवत होते. भांडण नव्हतं, जाहिरातीची पाटी नव्हती, काहीच नव्हतं. कोणीही खोटं बोललं नव्हतं, आणि विक्रम सुटला होता.

पण सुलभाताईंचं मन ‘चारों’ या शब्दापाशी अडलं.

“हर्षवर्धन, मास्क पाच ना? पाचवा कुठं होता तेव्हा?”

“तेजसचा? तो त्यानं घरी नेला होता, आंटी.”

४

दिलीपनं दार उघडलं. गेले चार दिवस तो रजेवर होता आणि बैठकीत नुसता बसून असायचा. सुलभाताई त्याच्या खांद्यावर हात ठेवून सरळ स्वयंपाकघरात गेल्या. मेधा तेजससाठी मुगाचं कढण करत होती.

“कळलं का काही?” तिनं वळून न बघताच विचारलं.

“थोडं राहिलंय.”

ओट्याच्या वरच्या फळीवर काचेच्या बरण्या मांडलेल्या होत्या. कॉफीच्या रिकाम्या बरण्या, सगळ्या एका मापाच्या, एका उंचीच्या. डाळी, पोहे, साबुदाणा. एकीवरही जुन्या लेबलाचा ठिपका नव्हता. सुलभाताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांना विचारायचं नव्हतं, पण चाळीस वर्षांची सवय तोंडातून बोललीच.

“मेधा, लेबलाचा डिंक इतका साफ कसा निघतो गं? माझ्याकडं चिकटून बसतो.”

“नेलपॉलिश रिमूव्हर,” मेधा कढण ढवळत म्हणाली. “कापसावर घ्यायचं आणि एकदा पुसायचं. काय वाट्टेल ते निघतं.”

“तेजसशी दोन शब्द बोलून येते,” त्या कशाबशा म्हणाल्या.

तेजस पलंगावर उशांना टेकून बसला होता. अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी होती. सुलभाताईंनी दार लोटलं.

“निळा पट्टा कोणी काढला, बेटा?”

“मीच.”

“कशानं?”

“पाण्यानं.”

“पाण्यानं डिंक निघत नाही. विक्रमनं घासून घासून पाहिला.”

तेजसचा उरलेला डोळा भरून आला, आणि त्यानं तो मनगटानं पुसला.

“रात्री मास्क टेबलावर तसाच ठेवून झोपलो होतो,” तो म्हणाला. “सकाळी बघतो तर चकाचक. आई म्हणाली, ‘तुझं ते घाणेरडं चिकटलेलं काढून टाकलं बघ.’ किती खूश होती. तिथं जरा धुरकट झालं होतं. मला दिसलं होतं, मावशी. पण त्या दिवशी फोटो होते, मी वरून केशरी पट्टा लावला आणि विसरून गेलो. ऑपरेशनला नेताना आठवलं.”

“आणि विक्रमवर तक्रार होत होती तरी बोलला नाहीस?”

“रोज सांगतोय आईला, त्यानं काही केलं नाही म्हणून. ती ऐकत नाही. आज तिनं खरंच तक्रार दिली असती तर मीच ठाण्यात गेलो असतो आणि सांगितलं असतं की मी लावलं.” त्यानं सुलभाताईंचा हात घट्ट धरला. “तिला नका सांगू. ती अजून माझ्या उशाशी येऊन बसते, मावशी. हे कळलं तर ती मला हात लावायलासुद्धा घाबरेल.”

सुलभाताईंनी आयुष्यभर माणसांकडून कबुल्या काढल्या होत्या. अशी कबुली त्यांना कधी मिळाली नव्हती. “नाही सांगत,” त्या म्हणाल्या.

५

“विक्रम नव्हे,” स्वयंपाकघरात येऊन त्यांनी सांगितलं. “कादर परसों म्हणाला होता. इथं परसों म्हणजे कधीही. दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट होती ती, आणि त्या पोरानं साबणाच्या पाण्यानं दुसऱ्यांचे मास्क पुसले, तेजसचा नाही. चूक आपल्या ऐकण्यात झाली. तक्रार फाडून टाक.”

मेधा तशीच उभी राहिली. “मग कोण?”

“कोणी नाही. लेन्स आधीपासूनच कच्ची होती. वरच्या कडेला, पट्ट्याच्या खाली.”

“कच्ची कशानं झाली?”

“ते काही सांगता येत नाही आता.”

सुलभाताई खोटं पकडण्यात पटाईत होत्या, बोलण्यात अगदीच कच्च्या. मेधा त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग हळूहळू तिची नजर सुलभाताईंच्या खांद्यावरून फळीकडे गेली.

“सुलभाताई,” ती म्हणाली, “तुम्ही मघाशी बरण्यांचं का विचारलंत?”

सुलभाताईंनी नजर खाली वळवली. मेधाला उत्तर मिळालं. ती ओरडली नाही, रडलीही नाही. ती गॅस बंद करून ओट्याशी खाली फरशीवर बसली, आणि स्वतःचे दोन्ही हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघत राहिली. सुलभाताई गुडघे दुखत असताना तिच्या शेजारी बसल्या.

“त्या मुलाला मी तुरुंगात घालणार होते,” मेधा म्हणाली. “उद्या मला अप्पारावांकडे न्या. मी विक्रमचे पाय धरीन.”

“नेते.”

“तेजसला माहीत आहे?”

सुलभाताईंनी तिच्या डोळ्यांत बघितलं. “नाही,” त्या म्हणाल्या, आणि या खेपेला त्यांना छान जमलं.

“मग त्याला कधीच सांगू नका. एकच डोळा राहिलाय त्याला. त्या डोळ्यानं त्यानं माझ्याकडे तसं बघितलेलं मला सोसायचं नाही.”

“नाही सांगत,” सुलभाताई दुसऱ्यांदा म्हणाल्या.

आतून तेजसची हाक आली. मेधा उठली, तोंडावर पाणी मारलं, पदरानं पुसलं आणि कढणाची वाटी घेऊन आत गेली. सुलभाताई दाराबाहेर भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

“काय म्हणाल्या गं मावशी?” तेजसचा आवाज.

“विक्रमची काही चूक नव्हती रे. लेन्सच जुनी झाली होती.”

“मी म्हणत होतोच तुला.”

“हो, तू म्हणत होतास. गरम आहे, फुंकून देऊ का?”

“दे ना,” तेजस म्हणाला. “आणि इथंच बस. जाऊ नकोस.”

सुलभाताईंनी तोंडावर पदर दाबून धरला, आणि आतल्या दोघांना ऐकू जाऊ नये म्हणून आवाज न करता रडल्या.